अनोळखी पितर

मेलेल्या माणसाचे आपण काही देणे लागतो काय? सणासुदीच्या दिवसांत विचारण्यासारखा हा प्रश्न नव्हे, असे कोणी म्हणेल. घरोघरी फराळाचे डबे भरलेले आहेत, अंगणात मुलांचा किल्ला अर्ध्यावर आला आहे, आणि अशा वेळी या बाई मढी उकरायला कुठे बसल्या! पण थोडा विचार केला तर दिवाळीइतका हा प्रश्न दुसऱ्या कुठल्याच सणाला शोभणार नाही. धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला कणकेचा दिवा करून त्याची वात आपण दक्षिणेकडे करतो, ती यमासाठी. दारावर हौसेने टांगलेल्या आकाशकंदिलाचे मूळही कार्तिकात पितरांना वाट दिसावी म्हणून उंच लावायच्या आकाशदिव्यात आहे, असे जाणती माणसे सांगतात. म्हणजे सणाच्या झगमगाटात एक-दोन दिवे तरी आपण गेलेल्यांच्या नावाने लावलेले असतातच. फक्त फटाक्यांच्या आवाजात ते आपल्या ध्यानात राहत नाही, इतकेच.

आपल्या सख्ख्या पितरांचे देणे कोणी नाकारीत नाही. आजोबांनी लावलेल्या आंब्याचे आंबे खाताना त्यांची आठवण निघते. आजीच्या हातच्या अनारशांची चव सुनेच्या अनारशांना का येत नाही, यावर दर दिवाळीला एक परिसंवाद होतो. हे सारे देणेघेणे ओळखीच्या माणसांचे. माझा प्रश्न वेगळ्या मेलेल्यांविषयी आहे. ज्यांचे नाव आपल्याला ठाऊक नाही, भाषा ठाऊक नाही, कूळ ठाऊक नाही, ज्यांचा वारस म्हणून उभा राहणारा एकही माणूस नाही, अशांचे आपण काही लागतो काय? आणि लागत असू, तर ते फेडायचे कसे आणि कोणी?

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ मी शास्त्रशुद्ध अभ्यासलेले नाहीत. पण मी शाळेत शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. शाळेतली मुले अवघड प्रश्न विचारतात आणि कादंबरीतली माणसे मेल्यावरही पाठ सोडीत नाहीत. या दोहोंमुळे असल्या प्रश्नांतून माझी सुटका होत नाही. त्यातून माझे गाव नागपूर जिल्ह्यात. आमच्याकडे हा प्रश्न पुस्तकात नसतो, माळावर उघडा पडलेला असतो.

नागपूरहून काटोलकडे जाणारा रस्ता शहर सोडून दहा-बारा किलोमीटर गेला, की जुनापाणीचा माळ लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्याची तिथे निराशा होते. देऊळ नाही, शिल्प नाही, शिलालेख नाही. खुरटे गवत आणि त्यात काळे फत्तर पडलेले. हे पाहायला का एवढ्या लांब आलो, असे वाटते. मग हळूहळू नजर तयार होते. विखुरलेले वाटणारे धोंडे विखुरलेले नाहीत. ते एकाशेजारी एक असे गोल मांडलेले आहेत. एक वर्तुळ दिसले की त्याच्या पलीकडे दुसरे दिसते, मग तिसरे. जुनापाणीला अशी तीनशेच्या आसपास वर्तुळे आहेत. काही लहान, चार-पाच पावलांत संपणारी. काही एवढी मोठी की त्यांत आमच्या शाळेचा एक वर्ग सहज बसावा. काही धोंड्यांवर वाटीएवढे उथळ खळगे मुद्दाम कोरलेले आहेत, कुठे समांतर ओळींत, कुठे अधिकच्या खुणेसारखे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी या खळग्यांच्या दिशा मोजून त्यांचा आकाशातल्या ज्योतींशी काही संबंध असावा, असा तर्क मांडला आहे.

ही शिलावर्तुळे म्हणजे थडगी आहेत. महापाषाण संस्कृती असे पंडितांनी त्या लोकांच्या चालीरीतीला नाव दिले आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात हे लोक विदर्भात नांदत होते. अजिंठ्याचे सर्वांत जुने लेणे कोरायला घेतले त्याच्या कितीतरी आधी या माळावर कोणीतरी कोणासाठी तरी रडले होते. वर्तुळाच्या आत दगडगोटे आणि माती यांचा ढीग असतो. त्याखाली मेलेल्याची थोडीशी हाडे आणि त्याच्याजवळ ठेवलेले सामान. काळ्या-तांबड्या रंगाची मडकी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, घोड्याचे लगाम, तांब्याच्या घंटा, लाल अकीकाचे मणी. हाडे बहुधा अपुरी सापडतात. म्हणजे देह आधी दुसरीकडे कुठेतरी ठेवीत आणि काही काळाने उरलेली हाडे गोळा करून इथे आणून पुरीत, असे दिसते. आपण तिसऱ्या दिवशी अस्थी वेचायला जातो. त्यांचेही काहीसे तसेच असावे.

जुनापाणीची वर्तुळे रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने उकरली आणि १८७९ साली त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढे १९६१-६२ साली पुरातत्त्व खात्याच्या बा. के. थापर यांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केले. नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनी १९६८-६९ साली टाकळघाट-खापा आणि नंतर माहूरझरी ही स्थळे खणली. माहूरझरीला माणसांबरोबर घोडेही पुरलेले सापडले, आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार सापडले. पेंच नदीकाठच्या नायकुंडला मातीच्या विटांची लोखंड गाळण्याची भट्टी निघाली. या लोकांनी धातू ओळखला, घोडा माणसाळवून सजवला, आणि मेलेल्यासाठी माणसाला एकट्याने हलणार नाहीत असले धोंडे वाहून आणले. आपल्याला त्यांच्याविषयी एवढे ठाऊक आहे. त्यांतल्या एकाचेही नाव मात्र ठाऊक नाही.

एके वर्षी आमची सातवीची मुले मी जुनापाणीला नेली. मुलेच ती, उतरल्याबरोबर एकजण सगळ्यांत मोठ्या धोंड्यावर चढून उभा राहिला. मी त्याला रागावले नाही. वर्तुळ म्हणजे काय, ते सगळ्यांना सांगितले. सांगून होते न होते तोच त्या मुलाने वरूनच विचारले, “म्हणजे आत मानूस हाये, बाई?” मी होय म्हटले. तो काही न बोलता खाली उतरला. मग दुसऱ्याने विचारले, “कोन्त्या जातीचे होते?” आणि मागे उभ्या असलेल्या एका मुलीने हळूच विचारले, “बाई, हे आपले होते का?”

जातीच्या प्रश्नाला उत्तर सोपे होते. त्या मडक्यांवर जात लिहिलेली नाही. पण “हे आपले होते का?” या प्रश्नाला मी त्या वेळी नुसते “विचार करू” एवढेच म्हटले, आणि तेव्हापासून तो विचार करीत आले आहे.

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे माझे एक सहकारी आहेत. मोठे तर्कशुद्ध गृहस्थ. त्यांच्यापुढे मी हा प्रश्न मांडला तेव्हा ते म्हणाले, “बाई, ज्याला दुखत नाही त्याचं देणं कसलं? देणं जिवंत माणसाचं. हाड म्हणजे चुना. चुन्याचं तुम्ही काय देणं लागता?” युक्तिवाद साधा वाटतो आणि म्हणूनच खोडायला अवघड. पण एक गोष्ट मनाशी ताडून पाहा. मरणाऱ्या बापाला मुलाने वचन दिले, की धाकट्या बहिणीला शिकवीन. बापाचा श्वास थांबला. आता बापाला दुखणार नाही, कळणार नाही. म्हणून ते वचन त्याच क्षणी संपले काय? बहिणीचा प्रश्न निराळा; तिला न शिकवणे हा तिच्यावर अन्याय होईलच. पण त्यापलीकडेही त्या मुलाने बापाचा विश्वासघात केला, असेच आपण म्हणू. मेलेल्या सज्जन माणसाविषयी कोणी खोटेनाटे पसरवले तर त्याला कळत नाही; तरी त्याची बदनामी झाली असे आपण म्हणतोच. तेव्हा दुखणे हे एकच माप लावून देण्याघेण्याचा हिशेब पुरा होत नाही. ज्याच्या भरवशावर एखाद्याने डोळे मिटले, त्याने तो भरवसा पाळायचा की नाही, असाही एक हिशेब असतो आणि तो श्वासाबरोबर मिटत नाही.

सहकाऱ्यांनी यावर लगेच विचारले, “ठीक. पण जुनापाणीच्या माणसाला तुम्ही कधी वचन दिलं होतं?” खरे आहे, दिले नव्हते. पण त्यांनी आपल्याकडे काही मागितले मात्र होते, असे मला वाटते. आपले माणूस कुठे पुरले आहे हे घरच्यांना ठाऊकच असते. घरच्यांपुरती खूण हवी असती तर एक खुंटी पुरली असती, चार गोटे ठेवले असते तरी भागले असते. एवढे अजस्र धोंडे ओढून आणून गोल मांडायचे कष्ट का घ्यावे? हाडे कोल्ह्याकुत्र्यांपासून राखायची म्हणावी, तर त्याला वरचा दगडांचा ढीग पुरत होता. ते गोल रिंगण माणसासाठी होते, आणि ओळख नसलेल्या, पुढे कधीतरी येणाऱ्या माणसासाठीही होते. ‘इथे आमचे कोणी आहे, जपून पाऊल टाक,’ एवढे एकच वाक्य त्यात लिहिलेले आहे. अडीच-तीन हजार वर्षांनंतर ते सातवीतल्या मुलाला वाचता आले आणि तो खाली उतरला. विनंती पोचली असेल, तर तिचे काही तरी उत्तर देणे भागच आहे. विनंती मान्य करणे सक्तीचे नसते. पण ती ऐकलीच नाही असे वागता येत नाही.

मग थडगी उकरणे हे पाप म्हणायचे काय? इथे माझे मन बराच काळ हेलकावे खात होते. त्या लोकांनी ज्याच्यावर एवढे दगड रचले तेच आपण उपसून काढतो, हाडांना क्रमांक घालतो आणि पेटीत भरून ठेवतो. दुसऱ्याच्या आजीची हाडे अशी पेटीत ठेवलेली आपल्याला चालतील काय?

याचे उत्तर मला विदर्भात नाही, पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी सापडले. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. डॉ. हसमुख सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि त्यांचे सहकारी यांनी तिथले शेतकऱ्यांचे एक अख्खे गाव मातीखालून वर आणले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे ते गाव. विदर्भातल्या वर्तुळांहूनही जुने. तिथल्या घरांच्या जमिनीखाली लहान मुले पुरलेली होती. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यांत मूल निजवायचे. मोठ्या माणसांनाही घराच्या आवारातच पुरीत. पण पुष्कळांचे पाय घोट्याच्या वर तोडलेले असत. मेलेल्याने उठून जाऊ नये म्हणून, असा त्याचा अर्थ लावतात. नेवाशालाही अशीच बालके सापडली. त्यांतल्या एकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि तिच्या धाग्याचे तंतूसुद्धा टिकून राहिले होते.

आजही आपल्याकडे तान्ह्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. इनामगावची आई ज्या जमिनीवर बसून रांधीत होती, त्याच जमिनीखाली तिचे मूल होते. ती जमीन सारवताना तिच्या मनात काय येत असेल, हे कोणत्याही पेटीत भरून ठेवता येणार नाही. पण ती आई होऊन गेली, हे तरी आपल्याला कशाने कळले? उकरल्यानेच ना? डॉ. सुभाष वाळिंबे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या सांगाड्यांचा आणि दातांचा कसून अभ्यास केला. लहानपणी उपासमार झाली, मोठे आजारपण आले, तर दाताच्या लुकणावर त्याची रेघ उमटते आणि ती जन्मभर पुसत नाही. म्हणजे ज्याने आपल्या भुकेविषयी एक अक्षर लिहून ठेवले नाही, त्याची साक्ष त्याच्या दाताने दिली. आणि ती ऐकणारा पहिला माणूस त्याला तीन हजार वर्षांनी भेटला. ही विटंबना आहे असे मला म्हणवत नाही. ऐकून घेण्यासाठी उकरणे आणि लुटण्यासाठी उकरणे यांत तेवढेच अंतर आहे, जेवढे वैद्याच्या सुरीत आणि दरोडेखोराच्या सुरीत.

मात्र एक मोठी अट आहे. थडगे एकदाच उकरता येते. उकरले की ते संपले. मग उरते ती त्याची नोंद. म्हणून ज्याने मोजले नाही, आखले नाही, लिहून ठेवले नाही, आणि जे लिहिले ते लोकांपुढे मांडले नाही, त्याने शास्त्राच्या नावाखाली केले तरी ते लूटच. दुसरी अट अशी, की ज्या हाडांना आज वारस आहे तिथे आधी वारसाला विचारले पाहिजे. अमेरिकेत १९९० साली कायदा झाला आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांची संग्रहालयांत पडलेली हाडे त्यांना परत मिळू लागली. आपल्या देशातले उदाहरण तर अगदी अलीकडचे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडात एका नागा माणसाची कवटी लिलावात विकायला काढली होती. नागालँडमधून ओरड झाली तेव्हा ती मागे घ्यावी लागली. पूर्वी कधीतरी उचलून नेलेले आपले माणूस परत मागणारे कोणीतरी होते, म्हणून ते वाचले.

जुनापाणीच्या माणसाला असे कोणी नाही. तो बेवारस आहे. आणि बेवारस म्हटले की आपल्या मनात पहिल्यांदा येते ते असे, की मग काय, कोणीही घ्यावे! वस्तुतः आपली शिकवण याच्या उलट आहे. महाभारताच्या स्त्रीपर्वात युद्ध संपल्यानंतरचा एक प्रसंग आहे. रणांगणावर असंख्य प्रेते पडलेली. ज्यांचे आप्त होते त्यांचे आप्त आले. पण दूरदेशांहून आलेले, ज्यांना कोणीच उरले नाही, त्यांचे काय? युधिष्ठिराने त्यांनाही टाकून दिले नाही. विदुराकरवी त्या सगळ्यांना अग्नी देवविला. त्यांत त्याच्या बाजूने लढलेले किती आणि विरुद्ध लढलेले किती, याची मोजदाद तिथे नाही. तर्पण करणाऱ्यालाही भटजी शेवटी एक ओंजळ सोडायला सांगतात ती ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी. आपल्या गावाशहरांत बेवारस प्रेताला स्वतःच्या पदरचे लाकूड घालणारी माणसे आजही आहेत. वारस नाही म्हणजे कोणाचेच देणे नाही, असे या परंपरेने कधी म्हटले नाही. तिने म्हटले, वारस नाही म्हणून ते सगळ्यांचे देणे.

इथवर येऊन मी स्वस्थ झाले असते. पण एका शेतकऱ्याने मला स्वस्थ होऊ दिले नाही.

सारीच शिलावर्तुळे काही सरकारी पाटीच्या आश्रयाला नाहीत. नागपूर जिल्ह्यातल्या पुष्कळ ठिकाणांची संरक्षित म्हणून नोंद आहे. १९५८ च्या कायद्याने त्यांना संरक्षण दिले, आणि २०१० च्या दुरुस्तीने अशा स्थळापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीची अट घातली. पण नोंदीत नसलेली एखाद-दोन वर्तुळे कोणाच्या बांधालगत, कोणाच्या पडीक तुकड्यात उभी असतात. त्यांच्यावर ना पाटी, ना पहारेकरी. आमच्या गावाकडच्या एका शेतकऱ्याच्या चार एकरांत असे एक वर्तुळ आहे. अर्धे धोंडे त्याच्या वडिलांच्या हयातीतच बांधाला गेले. उरलेल्यांतल्या एकाला शेंदूर लावलेला आहे. तो कोणी लावला हे कोणाला माहीत नाही, पण त्या धोंड्याला हात लावायची कोणाची छाती नाही. बाकीचे काढून तेवढ्यात कपाशी वाढवावी, असा त्याचा विचार चालला होता. मी त्याला त्या दगडांचे महत्त्व सांगू लागले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “मॅडम, तुमी मेलेल्याचं पाह्यता, चांगलं हाये. जित्याचं कोन पाह्यते? हा तुकडा पडीक ठेवला त मले कोनी पैसे देते का?”

हा प्रश्न माझ्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाहून शंभरपट कठीण आहे. पाच-सात गुंठ्यांत किती कापूस येणार, असे मला कदाचित म्हणता येईल. पण ज्याला कर्जाचा हप्ता भरायचा आहे त्याला पाच गुंठेही पाच गुंठेच असतात. माझ्या नावावर शेत नाही. दगडांविषयीचा माझा आदर मला फुकट पडतो. त्याची किंमत तो शेतकरी भरणार. दुसऱ्याच्या खर्चाने केलेले पुण्य हे पुण्य नव्हे, हे आपल्या बायाबापड्यांनाही कळते. देवळाला देणगी द्यायची तर आपल्या कनवटीची काढावी लागते. जिवंत माणसाच्या तोंडचा घास काढून मेलेल्याला पिंड द्यावा, असे कोणताही धर्म सांगणार नाही.

तरीसुद्धा “मग काढून टाक ते दगड” असे म्हणायला माझी जीभ वळेना. आणि न वळण्याचे कारण शोधता शोधता मला आपल्याकडच्या तीन ऋणांची आठवण झाली. देवऋण यज्ञाने फेडायचे, ऋषिऋण अध्ययनाने, आणि पितृऋण? तिळाच्या पाण्याने आणि पिंडाने ते फिटते, असे आपण समजतो. पण जुन्या ग्रंथांचे सांगणे असे, की पितृऋण फिटते ते संततीने. किती विलक्षण हिशेब आहे हा! मागच्यांचे देणे मागे नेऊन देता येत नाही. ते पुढच्यांच्या हाती द्यावे लागते. बापाने मला वाढवले, ते कर्ज मी बापाला परत करू शकत नाही. माझ्या मुलाला वाढवूनच मी त्यातून मोकळी होते.

हा हिशेब त्या माळावरच्या माणसाला लावून पाहिला आणि मला वाट दिसली. त्याचे देणे त्याला कसे पोचवू, हा माझा प्रश्नच चुकीच्या दिशेने तोंड करून उभा होता. त्याला ना दिवा हवा, ना पिंड. त्याने जे राखून ठेवले ते पुढच्या मुलांपर्यंत जाऊ देणे, एवढीच त्याची फेड. आणि देणे पुढच्यांचे म्हटले, की ते एकट्या शेतकऱ्याचे राहत नाही. जुनापाणीला जाऊन ज्याला आपल्या मुलीला वर्तुळ दाखवायचे आहे, त्या प्रत्येकाचे ते आहे. म्हणून ज्याच्या शेतात ते आहे त्याला सरकारने, समाजाने त्या तुकड्याचे मोल दिले पाहिजे, दर हंगामाला दिले पाहिजे. आणि देता येत नसेल, तर निदान दगड हलण्यापूर्वी कोणी तरी जाऊन ते मोजून, आखून, लिहून ठेवले पाहिजे. न वाचताच पत्र फाडून टाकणे एवढे एक तरी टाळता येण्यासारखे आहे. शेतकऱ्याला दोष देणे तर सर्वांत सोपे. पण खडीसाठी टेकड्या फोडणारे आणि शहराभोवती ले-आउट पाडणारे आपण सारे त्याच्याहून मोठे धोंडे हलवीत असतो, आणि आपल्याला कापसाची निकडही नसते.

आता त्या मुलीचा प्रश्न. “बाई, हे आपले होते का?” त्यांच्या रक्ताचा एखादा थेंब आपल्यात असेलही. पण तसे सिद्ध झाले तरच त्यांना मान द्यायचा, असे ठरवले तर मग ते सिद्ध करण्यासाठी भांडणे सुरू होतील. पूर्वजांवर मालकी सांगणारे लोक पूर्वजांचे काय करतात, हे आपण पुष्कळ पाहिले आहे. जुनापाणीच्या मेलेल्यांचे भाग्य असे, की त्यांच्या नावाने कोणी मिरवणूक काढीत नाही आणि कोणाचे डोके फोडीत नाही. तेव्हा मी तिला पुढल्या वर्षी वर्गात सांगितले ते असे: आपली आजी आपली असते, त्यात आपण काहीच केलेले नसते. पण परक्या म्हातारीला रस्ता ओलांडून दिला, की तेवढ्यापुरती ती आपली होते. हे लोक आपले होते की नाही हे कळायला मार्ग नाही. ते आपले व्हावेत की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे. तिला ते पटले असावे. निदान तिने मान डोलावली. आणि आठवीतल्या मुली उगाच मान डोलावीत नाहीत.

यंदाच्या सुटीत आपल्यापैकी कोणी नागपूरकडे येणार असेल, तर पाहुण्यांना घेऊन जुनापाणीला जरूर जावे. मुलांना बरोबर न्यावे. धोंड्यांवर नावे लिहू नयेत, एखादा खापराचा तुकडा दिसला तर तो खिशात न घालता आहे तिथेच राहू द्यावा. जागेवरून उचललेले खापर मुके होते. आणि वर्तुळाच्या बाहेर पाच मिनिटे नुसते उभे राहावे. तेवढे पुरे आहे.

त्या शेतकऱ्याच्या वर्तुळाचे काय झाले, असे वाचक विचारतील. गेल्या उन्हाळ्यात आम्ही शाळेची मोठी टेप घेऊन तिथे गेलो. उरलेल्या प्रत्येक धोंड्याची लांबी-रुंदी, एकापासून दुसऱ्याचे अंतर, दिशा, सारे मुलांनी वहीत टिपले आणि चौकटीच्या कागदावर नकाशा काढला. शेंदरी धोंड्याजवळ मुले जाईनात, तेव्हा टेपचे दुसरे टोक त्या शेतकऱ्यानेच धरले. नकाशाची एक प्रत शाळेच्या कपाटात आहे, एक आम्ही पुरातत्त्व खात्याला पाठवली, आणि एक त्याने मागून घेतली. दगड अजून जागेवर आहेत. या मृगात त्याने कपाशी लावली, ती वर्तुळ सोडून लावली. पुढल्या मृगात काय होईल, ते पाऊस आणि कापसाचा भाव ठरवतील.